उजवा कौल

"आत्या, आई गेली," नितीनचा फोन आला तेव्हा मी चंदनसारच्या घरात भाजी निवडत होते. राहिलेली सगळी निवडून ठेवली आणि मगच उठले. वहिनी आज ना उद्या जाणार हे ठाऊक होतं. रडूसुद्धा आलं नाही... इतकी दमले होते.

माझ्या माहेरी, गास गावातल्या आमच्या वाडीत ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. माझ्या वेण्या घालता घालता तिने मला मोगऱ्याच्या कळ्या खुडायला शिकवलं. पण आमच्या दोघींमध्ये कायमचं काही राहिलं असेल, तर तो कौल. दादाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते, वहिनीही म्हणत होती. दादा मात्र घाबरला होता. मीच शहाणपणा केला. कौल लावला: घरातल्या देवाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, "ऑपरेशनशिवाय बरा होईल ना?" उजवी आधी पडली, म्हणजे होकार. दादाचा चेहरा असा खुलला, की वहिनीने ऑपरेशनचा विषयच सोडला. दिवाळीच्या आत दादा गेला.

त्यानंतर मी देवापुढे हात जोडले नाहीत. वहिनीची पूजा मात्र एक दिवस चुकली नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "तुला राग नाही येत?"

"येतो की. पूजा करतानाच येतो." ती गंध उगाळत राहिली. "आपल्याला अर्धंच दिसतं गं, सुमन. पुढचं त्याला दिसत असेल, असं धरून चालायचं. नाहीतर सकाळी उठायचं कशाला?"

माझ्यावर रागावलीस का, हे विचारायचं धाडस मला पंधरा वर्षांत कधीच झालं नाही.

मग तिलाच आजार झाला. नितीन कौल लावायला निघाला तर म्हणाली, "डॉक्टरांना विचार. देवाला कशाला अडचणीत टाकतोस?" ऑपरेशन झालं, नीटही झालं. तरी ती चार महिन्यांत गेली. कौल ऐकून एक गेला, डॉक्टरांचं ऐकून दुसरी. याचा अर्थ लावायचं त्राण आता माझ्यात नाही.

तेराव्यानंतर नितीन पाटावर देव घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "आईने सांगितलंय, देव आत्याकडे द्यायचे."

"अरे, मी हात तरी जोडते का?"

"मी तेच म्हटलं. तर म्हणाली, म्हणूनच."

देव आता माझ्या ओट्याजवळच्या फळीवर आहेत. रोज आंघोळ घालते, पुसते, गंध लावते. पटलंय म्हणून नाही... तिने सोपवलेत म्हणून. काल पुसता पुसता हात थांबला आणि इतक्या दिवसांनी रडू फुटलं. वहिनीने मला केव्हाच माफ केलं होतं. तोंडाने सांगितलं असतं तर मला खरं वाटलं नसतं, म्हणून तिने घरातले देव माझ्या हाती दिले.