दोन रुपयांची जोडलेली नोट

सांगलीच्या स्टँडबाहेर छत्री उघडून फाटक्या नोटा बदलत बसणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. मी शिराळा गाडीवर कंडक्टर होतो. गर्दीत पॅसेंजर फाटकी नोट माझ्या गळ्यात मारायचे, डेपोतला कॅशियर ती घ्यायचा नाही, आणि भुर्दंड माझ्याच खिशाला. त्यामुळे या माणसाशिवाय माझं भागत नसे.

नोट हातात आली की तो ती उन्हाकडे धरायचा, हुंगायचा आणि वैद्यासारखा विचारायचा, "काय झालं हिला?" शेळीनं खाल्ली की धुण्यात गेली, हे कळल्याशिवाय बट्टा, म्हणजे बदलून देताना किती पैसे कापणार ते, सांगायचाच नाही.

एका सकाळी मी दोन रुपयांची उभी फाटलेली नोट नेली. बट्टा ऐकून माझं तोंड उतरलं.

"मग बदलू नका. जोडून देतो की स्वस्तात," तो म्हणाला. त्यानं डिंक लावला, पतंगाचा कागद चिकटवला आणि नोट मांडीखाली घेऊन बसला. "घ्या. लय घट्ट झालीया. कोण न्हाई म्हणतंय बघतो!"

दुपारी तोच माझ्या गाडीत चढला. शिराळ्याला नागपंचमीला निघाला होता. त्यानं पाचाची कोरी नोट दिली. मी तिकिटासोबत परतीच्या सुट्ट्या पैशांत ती जोडलेली नोट सरकवली. त्यानं ती खिडकीकडे धरली, हुंगली आणि परत केली.

"दुसरी द्या, कंडक्टर."

"अहो, सकाळी तुम्हीच जोडलीत ही!"

"व्हय की, वळखली मी," तो म्हणाला. "म्हणून तर नगं म्हणतोय."