फ्लेक्सवरचा परिवार

आमच्या घरी ज्या दुकानातून खोव्याची जिलबी येते, तिथे गल्ल्यामागच्या भिंतीवर एक भलामोठा फ्लेक्स होता. वर 'हमारा परिवार', मधोमध हात जोडलेले मालक आणि भोवती सगळे कारागीर, डबे पोचवणारे, भांडी घासणारे. कुणी कौतुक केलं की मालक म्हणायचे, "सब अपने बच्चे हैं जी." त्यातल्या निम्म्या बच्च्यांच्या मिशा मालकांपेक्षा पांढऱ्या होत्या.

त्यातलाच एक पन्नाशीचा भैया आमचीच जिलबी घेऊन दुकानाच्या मोटरसायकलवरून गढा भागातल्या आमच्या गल्लीत आला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या आईला धडकला. आईचं उजवं मनगट मोडलं. त्यानेच तिला ऑटोत बसवून दवाखान्यात नेलं, वाटभर रडत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मला वाटलं, मालकांचा परिवार एवढा मोठा, सांभाळून घेतील.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, तर मालकांनी कानांवर हात ठेवले. "वो हमारा आदमी ही नहीं है दीदी. छुट्टा काम करता था."

मी फ्लेक्सकडे बोट दाखवलं. पण भैयाच्या जागी लक्ष्मीचं कॅलेंडर लटकत होतं. बाकीची भिंत मोकळी असताना लक्ष्मीला नेमकी तिथेच जागा मिळाली होती. मी गल्ल्यामागे जाऊन कॅलेंडर उचललं. खाली भैया नेहमीसारखा हसत होता.

"गाड़ी किसकी थी?"

"गाड़ी तो हमारी."

"और जलेबी?"

"जलेबी भी हमारी."

"फिर आदमी किसका?"

"वो तो अपनी मर्ज़ी से चला रहा था."

म्हणजे हा माणूस हौसेने, किलोभर जिलबी घेऊन गढ्यात हवा खायला आला होता. माझं डोकं फिरलं. मी भैयाचा फोटो काढला, मग कॅलेंडर पुन्हा लावून तोही काढला.

शेजारचे वकीलकाका फोटो बघून खूश झाले. "तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिले? नोकर मालकाच्या कामावर असताना धडकला, तर मालकाला नामानिराळं राहता येत नाही." त्यांनी नोटीस धाडली. चार दिवसांत मालक काजूकतलीचा डबा घेऊन हजर. ऑपरेशनचा सगळा खर्च द्यायला तयार.

आईची एकच अट होती. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन ती म्हणाली, "उस भैया को काम से मत निकालना."

"कैसी बात करती हैं मांजी, अपना बच्चा है."

मालकांनी शब्द पाळला. दिवाळीला भैयाच डबा घेऊन आला. अंगात दुकानाच्या नावाऐवजी दुसरंच नाव छापलेला टी-शर्ट होता. दुकानातली सगळी माणसं आता ठेकेदाराची झालीत, त्याने सांगितलं. मोटरसायकलही मालकांनी भैयाच्याच नावावर करून दिली होती. नव्या फ्लेक्सवर 'हमारा परिवार' तसंच आहे, खाली मालक आणि जिलबीचं ताट.

आईचं मनगट अजून पूर्ण वळत नाही. तिने डाव्या हाताने डबा घेतला. "अब तुमसे किसी को लग गई तो किसके पास जाएँगे?"

"ठेकेदार के पास, मांजी," भैया म्हणाला. "पर उसको तो मैंने भी नहीं देखा."