वयाच्या रकान्यातलं शून्य

निर्मळ गावच्या केळीवाल्या राऊतांचा जयवंत वसईच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. कुठलीही वस्तू ताडून पाहिल्याशिवाय तो घ्यायचा नाही; चपला घ्यायच्या तरी दोन पायांत दोन तऱ्हेच्या घालून दुकानात फेऱ्या मारायचा.

२००६ साली त्याच्या शाळेतल्या रोझलिन टीचरनी त्याला बोलावलं. निवृत्तीनंतर त्या चर्चचं विवाह मंडळ सांभाळायच्या. स्थळांच्या कार्डांनी दोन कपाटं भरली होती. "हे कॉम्प्युटरवर घालून दे," त्या म्हणाल्या.

जयवंतने एकच प्रोग्राम दोन कॉम्प्युटर-भाषांत, दोनदा लिहिला. एकदा जावात, स्ट्रट्स हे फ्रेमवर्क घेऊन; एकदा पीएचपीत, केकपीएचपी घेऊन. फ्रेमवर्क म्हणजे आयता सांगाडा, पण स्ट्रट्सचा सांगाडा उभा करण्यातच दीड महिना गेला. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट वेगळ्या फाइलीत लिहून द्यावी लागे. पीएचपीचं सगळं काम एकोणीस दिवसांत आटोपलं.

मग टीचरनी कार्डांवरून दोन्हींत तेच साठ अर्ज भरले. जावा नवव्या अर्जाला अडली. पॉलिन नावाच्या एकीने वयाच्या रकान्यात 'भेटीत सांगेन' असं लिहिलं होतं आणि जावाला तिथे आकडाच हवा होता. पीएचपीने ते निमूट घेतलं. आकडा नाही म्हणजे शून्य, असं तिने परस्पर ठरवलं. ॲन्सेल्म नावाच्या एकाने लिहिलेल्या 'योग्य वय'चंही शून्यच झालं. दोघांच्या वयात फरक नाही, म्हणून जुळणाऱ्या स्थळांच्या यादीत ही जोडी सगळ्यात वर आली.

जयवंतने की-बोर्ड पुढे ओढला. "टीचर, ही चूक आहे. मी आत्ता काढतो."

"थांब." टीचरनी दोघांची कार्डं शेजारी शेजारी ठेवली. "ही आठ वर्षं माझ्याकडे पडून आहेत. दोघांनाही वय विचारलेलं खपत नाही. मला कसं सुचलं नाही हे?"

पुढच्या ईस्टरनंतर लग्न लागलं. जयवंत गेला. मांडवात ॲन्सेल्मने त्याला गाठलं. "तुझ्या मशीनला कळलं कसं रे?"

जयवंतला खोटं बोलता येत नसे. त्याने शून्याची हकीकत पहिल्यापासून सांगितली.

ॲन्सेल्मने त्याला बाजूला घेतलं. "पॉलिनला सांगू नकोस. तिला वाटतं, माझा फोटो बघून जमलं."

लग्नानंतरच्या सोमवारी जयवंतने चूक दुरुस्त केली. बुधवारी टीचरनी शून्य धरणारा जुनाच प्रोग्राम परत बसवायला सांगितला. त्याने बसवला, पण त्याला ते पटलं नाही. क्लासात तो चुकीला अडणारी जावाच शिकवत राहिला.