क्रीमचे वाटे

आईचा चेहरा उजळला तेव्हा सगळ्यात आधी कौतुक मीच केलं होतं. तिचं सगळं आयुष्य पालीच्या कोळीवाड्यात, किनाऱ्यावर बोंबील वाळवण्यात गेलं. उन्हाने रापलेला तो चेहरा महिनाभरात गोरा दिसायला लागला. पुढच्या काही महिन्यांत मात्र गाल लालबुंद झाले, कातडी इतकी पातळ झाली की आतल्या शिरा दिसायला लागल्या. एका रविवारी ती म्हणाली, आता उन्हात उभंच राहवत नाही. उन्हात उभं राहता आलं नाही तर तिचं काम संपलं, आणि काम संपलं की ही बाई खचणार, हे मला पक्कं माहीत होतं.

"तोंडाला काय लावतेस तू?" मी विचारलं.

तिने फळीवरून प्लास्टिकची छोटी डबी काढली. तिच्यावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. "क्रीम हाय. कोल्ड क्रीम. शेजारची मावशी देते. गल्लीत सगल्याच लावतात."

"बंद कर मग."

"केला व्हता बंद, दोन दिस. जास्तच आग झाली. परत लावला तं थांबली. म्हंजे गुन हाय ना त्याला?"

माझं डोकंच फिरलं. डबी पर्समध्ये टाकून मी शहरात, इंद्रलोकला माझ्या घरी आले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येताना मावशी आणते तीच कोल्ड क्रीम, आईला फोनवर नाव विचारून, विकत घेतली, शिवाय आणखी तीन. जेवणाच्या टेबलावर सगळ्या मांडल्या, भिंग घेतलं आणि मागची बारीक अक्षरं वहीत उतरवायला बसले. नवरा म्हणाला, परीक्षा आहे का? मी म्हटलं, आहे. नेटवर शोधून एवढं कळलं की जो घटक जास्त तो यादीत आधी येतो. चारही डब्यांत पहिलं पाणी, मग तेल नाहीतर मेण, मग ग्लिसरीन. सगळ्यात महागड्या डबीवर केशराचं हे एवढं मोठं चित्र होतं आणि यादीत केशर पार शेवटी, सुगंधाच्याही मागे. एरवी हसले असते. पण एकेक नाव तपासूनही चेहरा असा सोलवटून काढणारं काही सापडेना. शेवटी आईची डबी आणि दुकानातली तीच क्रीम शेजारी शेजारी उघडली. दुकानातली पांढरीशुभ्र होती, आईची पिवळसर आणि चिकट. आईच्या डबीत यादीबाहेरचं काहीतरी होतं.

शनिवारी मी मावशीच्या दारात उभी राहिले, भांडायच्या तयारीनेच. मावशीने चहा टाकला आणि मी विचारल्याबरोबर सगळं सांगून मोकळी झाली. पार्लरवालीने तिला कृती दिली होती. दोन मोठ्या बरण्या क्रीम, त्यात मेडिकलमधल्या दहा ट्यूबा, परातीत कालवायचं आणि डब्या भरायच्या.

"कोनाला कमी न्हाय, कोनाला जास्त न्हाय," ती म्हणाली. "सगल्यांना सारखा वाटा."

आमच्याकडे मासळीचे वाटे लावतात ते असेच. समोर सारखे ढीग मांडायचे, ज्याने त्याने आपला उचलायचा. मासळी डोळ्यांना दिसते, ताजी की शिळी ते कळतं. क्रीमच्या वाट्यात काय आहे ते कुणाला दिसणार? बरण्या आणि ट्यूबा मावशीकडे राहिल्या, त्यांच्यावरची अक्षरंही तिच्याकडेच राहिली, आणि मावशीला तर वाचताच येत नाही.

तिने रिकाम्या ट्यूबा आणून दाखवल्या. पहिलंच नाव ओळखीचं निघालं. क्लोबेटासोल. नवऱ्याच्या पायाला इसब झालं होतं तेव्हा हीच ट्यूब आमच्या घरात होती. हे स्टेरॉइड आहे, चेहऱ्याला चुकूनही लावू नका, दोन आठवड्यांच्या वर वापरू नका, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. गल्लीतल्या बायका ते सहा महिने तोंडाला चोपडत होत्या.

मावशीला समजावून सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला. मग पदर खोचून उठली. "वाटे मी लावले. आता एकेकीला डॉक्टरकडं पन मीच नेनार." आणि खरोखर नेलं तिने.

आईला मी नेलं. डॉक्टर म्हणाल्या, चेहरा सुधारेल, पण महिने लागतील, आणि क्रीम सुटताना आधी आणखी बिघडेल. बाहेर रिक्षाची वाट बघत असताना माझा तोल सुटला.

"कोणी सांगितलं होतं गं तुला हे नसते उद्योग करायला?"

"तूच," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुझ्या पोरीच्या वाढदिवसाला आले व्हते ना गेल्या साली. लिफ्टमदी तुझी शेजारीन व्हती. ती उतरल्यावर तू बोललीस, आई, पुढच्या वेळी तोंडाला जरा काहीतरी लावून ये."

मी बोलले होते. अगदी याच शब्दांत बोलले होते आणि विसरूनही गेले होते. भर रस्त्यात मला स्वतःची इतकी लाज वाटली की आलेली रिक्षा मी तशीच जाऊ दिली.

यंदाच्या वाढदिवसाला आई यायला तयार नव्हती. चेहरा तेव्हा सगळ्यात वाईट होता, सुजलेला, साल निघत असलेला. मी पालीला जाऊन तिला हाताला धरून आणलं. लिफ्टमध्ये नेमकी तीच शेजारीण भेटली. आईकडे बघून हळूच म्हणाली, "अरे, आंटी के फेस को क्या हुआ?"

आईने पदर तोंडावर ओढला. मी तो खाली केला.

"मेरी माँ हैं," मी म्हटलं. "मेरी वजह से हुआ है."