पाइपाभोवतीची फट

माझ्या धाकट्या जावेइतकी किळस बाळगणारी बाई मी पाहिलेली नाही. पेल्याच्या काठावर बोटाचा ठसा दिसला तरी ती पाणी ओतून देत असे. अशा बाईच्या स्वयंपाकघरातून गरम पाण्याचा उभा पाइप गेलेला होता. तो जमिनीतून जिथे वर येई, तिथे त्याच्याभोवती बोटभर फट होती आणि त्या फटीतून झुरळे येत. तेलकट, तपकिरी, मिशा हलवणारी. एकदा मळलेल्या कणकेत एक रुतलेले निघाले, तेव्हापासून तिने स्वतःच्या घरात जेवणे सोडले. ती वरच्या मजल्यावर माझ्याकडे जेवू लागली आणि माझीही ताटे हुंगू लागली.

इमारतीचे पाइप तिचा सख्खा भाऊच पाहत असे.

"ताई, पाइप तापला की लांबतो," तो म्हणाला. "त्याचं वजन खालच्या मजल्यावरच्या क्लॅम्पवर आहे. इथे त्याला सरकायला जागा हवी."

"पाइपाला जागा हवी, आणि बहिणीने झुरळं खायची?"

"फटीत घालायला रबर आणतो. मऊ असतं, पाइपाला अडवत नाही."

"कधी?"

"आणतो गं!"

हे 'आणतो' तिला लहानपणापासून ठाऊक होते. तिने स्वतःच सिमेंट कालवून फट गच्च भरली आणि घरी जेवू लागली. रोज सकाळी इमारतीचा बॉयलर पेटला की पाइप ठणठणे.

"ठणठणू दे," ती म्हणे, "रांगत तर नाही!"

एके सकाळी सिमेंटात अडकलेल्या पाइपाचा ओट्याखालचा सांधा फाटला. गंजाचे कढत, कुजकट पाणी पिठाच्या डब्यात शिरले. सिमेंटलाही तडा गेला होता. तड्यात पाणी उतरताच झुरळांची रांग वर आली.

भाऊ धावत आला. त्याच्या हातात रबर होते.

"आणलंस? आता त्यांना नातवंडंसुद्धा झाली!"

नाकाला फडके बांधून तिने सिमेंट स्वतः फोडले. प्रत्येक ढेकळाला पाय नाहीतर पंख चिकटलेला होता. भावाने सांधा बदलला आणि फटीत रबर बसवले.

दुसऱ्या दिवशी तिने मला जेवायला बोलावले. ती पाइपाकडे पाठ करून, दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसली. घास उजेडात धरून पाहत तिने विचारले, "जाऊबाई, मागे काही हलतंय का?"

"पाइप हलतोय."

"तो हलू दे," ती म्हणाली आणि तोंड वाकडे करून तिने घास गिळला.