साडूंचा अंतरा

सबंध वसई तालुक्यात घासाघीस करून मला हरवणारा एकच माणूस आहे, आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे. केळीच्या टोपल्या वाहून मी विटा-रेतीच्या धंद्यापर्यंत आलो. बिल्डरांना भावात खाली आणलं, वकिलांनाही आणलं. गिरीजच्या वाडीत राहणारे हे गृहस्थ मात्र आवाजही न चढवता जिंकतात, कारण त्यांना काही विकायचंच नसतं. ते क्लॅरिनेटवर शास्त्रीय संगीत वाजवत आलेत.

क्लॅरिनेट म्हटलं की आमच्याकडे लग्नाचा बँड आठवतो. "काका, तुमच्या बँडचा ड्रेस लाल का निळा?" असं कुणी विचारलं, तर साडू शांतपणे सांगायचे, "सध्या यमन चाललाय." विचारणारा दुसरा बँड शोधायचा. वाद्याच्या तोंडाला लावायची रीड, म्हणजे ती बारीकशी पट्टी, ओली राहावी म्हणून ते ती तोंडात धरूनच बाजारात जायचे. बोलता यायचं नाही, मग बोटाने भाजी दाखवायची आणि मागतील ते द्यायचं. सांडोरची भाजीवाली मलाच ऐकवायची, "काका बोलत नाय, पन भाव पन करत नाय. शिका काय तरी."

माझी मुलगी त्यांच्याकडे शिकायला गेली, तेव्हा मी आधी व्यवहार पक्का करायला गेलो. "वर्षात दोन राग आणि वर एखादं सिनेमातलं गाणं," मी म्हटलं.

"भाऊ, ही मेथीची जुडी नाही," साडू म्हणाले. "आधी सा लागू दे."

तो सा लागेपर्यंत माझी दोन दुकानं झाली. मुलगी मात्र तिथेच चिकटली. साडूंनी तिच्यासाठी एक बंदिशही बांधायला घेतली. तिचं कॉलेज संपलं, नोकरी लागली, लग्न ठरलं, तरी बंदिशीचा अंतरा काही पुरा होईना.

लग्नात त्यांनी वरातीपुढे वाजवावं अशी माझी इच्छा होती. ते नाही म्हणाले. मी हॉलच्या गेटपर्यंत खाली आलो, मग दारापर्यंत. ते जागचे हलले नाहीत. त्यात मुलगी म्हणाली, "पप्पा, काका वाजवणार नसतील तर मला काहीच वाजवायला नको." शेवटी ठरलं की मंगलाष्टकांआधी बसून, फक्त ती बंदिश. अंतरा एकदाचा झाला होता.

त्यांनी डोळे मिटले आणि आलाप सुरू केला. मंडप गप्प झाला. मग गुरुजी घड्याळ बघू लागले. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने भिजल्या. मी जवळ जाऊन दातओठ खात म्हटलं, "साडूभाऊ, आवरा आता." डोळे मिटलेलेच. अंतरपाटामागून माझीच मुलगी म्हणाली, "पप्पा, थांबा ना. अंतरा यायचाय."

अंतरा आला आणि मुहूर्त गेला. विरारचे व्याही भले, हसून म्हणाले, "चालायचंच." मला नाही चाललं. मी साडूंशी बोलणं टाकलं. मुलीचा संसार सुखाचा चाललाय, पण तो मुहूर्तावर चालला असता तर आणखी किती चालला असता, हे कोण सांगणार?

यंदा साडूंचे पुढचे दात गेले. कवळी लावून फुंक धरत नाही म्हणतात. आता ते गाऊनच शिकवतात. परवा मुलगी माहेरी आली आणि क्लॅरिनेट घेऊन थेट त्यांच्या वाडीत गेली. तिला सोडायला म्हणून मी गेलो. चांदीपला जमिनीच्या व्यवहारासाठी माणूस ताटकळत होता, म्हणून गाडी चालूच ठेवली होती; मुलीने साडूंना तसं सांगितलंही.

तिने ती बंदिश धरली. मी गाडी बंद केली आणि ओट्याच्या कडेला टेकलो.

"भाऊ, तुमचा माणूस खोळंबला असेल," साडू माझ्याकडे न बघता म्हणाले.

"बसू दे त्याला."

अंतऱ्याशी येऊन ती अडली. साडूंनी हलक्या आवाजात पुढची ओळ गाऊन दाखवली. दात नसल्याने शब्द नीट कळले नाहीत, सूर मात्र तिने उचलला. त्यांनी डोळे मिटले. ती वाजवून थांबली, क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवायला लागली, तरी साडूंची बोटं मांडीवर चालूच होती.