दुसरा अंगठा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या मुलीच्या नावावर जे सिमकार्ड निघालं, ते तिच्या भावानं काढलं नव्हतं. तिचा अंगठा मी घेतला होता, माझ्याच दुकानात, तिला न कळू देता.

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दाखले, अर्ज, खात्याची केवायसी, असलं सगळं. तेंदूचा हंगाम झाला की इकडच्या लोकांची बोटं मशीनला ओळखू येत नाहीत. पानं खुडून, पुडे बांधून रेषा झिजलेल्या असतात. मग मी सांगायचो, बोट केसांत घासा. तेलानं कधीकधी ठसा उमटतो. लोक निमूट घासायचे, लावायचे, पुन्हा घासायचे. कितव्यांदा लावला हे कोणी विचारत नसे. या सवयीचाच मी फायदा घेतला.

वडश्याहून एक सिमवाला यायचा. त्याला टार्गेट असायचं. म्हणाला, एखादा अंगठा जास्तीचा घेत जा, कार्ड मी बंदच ठेवतो, कोणाचं काय जाते? बदल्यात अंगठ्याची नवी मशीन देतो म्हणाला. माझी जुनी सारखी अडायची. मी नाही म्हटलं नाही.

ती मुलगी आईसोबत तेंदूला जायची आणि पहाटे डांबरी रस्त्यावर पळायची. पोलीस भरतीची तयारी. केवायसीला आली तेव्हा तिचा ठसा पहिल्याच वेळी उमटला होता. मी म्हटलं, नाही आला, परत लाव. फोटोही लागते म्हणून भिंतीपाशी उभं केलं. तिनं केस नीट केले आणि फोटोसाठी थोडी हसली. त्या दुसऱ्या अंगठ्यावर आणि त्या हसऱ्या फोटोवर सिम निघालं.

भरतीत ती निवडली गेली. गावानं गुलाल उधळला, मीही पेढा खाल्ला. मग चारित्र्य पडताळणीत निघालं की तिच्या नावावरच्या एका नंबरावरून परराज्यातल्या कोण्या म्हाताऱ्याला फसवलंय. चौकशी संपेपर्यंत तिची नेमणूक थांबली.

ती माझ्याकडेच आली. "भाऊ, तुमीच लिवून द्या. मले साहेबापुढं बोलता नाई येत."

मी लिहून दिलं: सदर सिमकार्ड मी कधीही घेतलेले नाही. वाचूनही दाखवलं. वाचून झाल्यावर तिनं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास केला.

आणि मग मी ते केलं, ज्यानं मला झोप लागत नाही. विचारलं, आधारची झेरॉक्स कोणाजवळ दिली होती का?  भावानं हप्त्यावर मोबाईल घेताना नेली होती म्हणाली.

"माह्या भावानंच केलं असंन का, भाऊ?"

"सांगता येत नाई," मी म्हटलं.

सांगता येत होतं.

आईनं त्या पोराला घराबाहेर काढलं. तो कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यावर मजुरीला गेला असं ऐकतो. तो शपथा घेत होता, पण त्याचं कोणी ऐकलं नाही.

मी आता येईल त्याला शिकवतो. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, झेरॉक्सवर कशासाठी दिली ते लिहा, आपल्या नावावर किती नंबर आहेत ते पाहून घ्या, ओटीपी कोणाला सांगू नका. परवा एक जण म्हणाला, "भाऊ, तू त मास्तर होऊन राह्यला." सगळे हसले. मीही हसलो. माझ्या दुकानात अंगठा लावू नका, हे मात्र मी कोणाला सांगत नाही.

सिमवाल्याचा फोन लागत नाही. तोंड उघडलं तर दुकान जाईल, केस होईल, चंद्रपुरात शिकणाऱ्या माझ्या पोरीला बापाचं नाव सांगताना लाज वाटेल. हा हिशेब मी रोज करतो आणि रोज शटर उशिरा उघडतो. ती पळून परतताना दुकानासमोरून जाते, तेव्हा मी आत असायला नको म्हणून.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा आली होती. निवड यादीची मुदत संपत आलीय आणि पुढच्या भरतीपर्यंत वय निघून जाईल, असं खाली बघत म्हणाली. आणखी एक अर्ज करून पाहू का, असं विचारत होती. मी तोही लिहून दिला.

अर्जानं काही होणार नाही, मला ठाऊक आहे. मला ठाण्यात जाऊन दुसरा अंगठा मी घेतला असं सांगायचं आहे, आणि तेच तिच्या आईसमोर, तिच्या भावाला बोलावून. एवढं माझं देणं आहे. अजून दिलेलं नाही.